चपला बाहेर, पण पाय कशावर?

घरी कामाला येणाऱ्या कारागिरांच्या पादत्राणांचा प्रश्न केवळ फरशीच्या स्वच्छतेपुरता मर्यादित नाही

(प्रतिनिधी)

गिझर बिघडला म्हणून बोलावलेला वीजतंत्री दारात उभा असतो. हातात पक्कड, टेस्टर आणि वायरची पिशवी, पायात रबरी तळव्याचे बूट. घरातून त्याच्या कानी पडणारे पहिले वाक्य बहुधा गिझरविषयी नसते. ‘दादा, तेवढे बूट बाहेर काढा हं.’ तो मुकाट्याने बूट काढतो, मोजे त्यात कोंबतो आणि अनवाणी न्हाणीघरात शिरतो. तिथली फरशी ओली असते, कारण घरातल्यांच्या आंघोळी नुकत्याच आटोपलेल्या असतात. ज्या उपकरणाला तो आता हात घालणार आहे त्यातून वीज गळते आहे काय, हे पाहण्यासाठीच तर त्याला बोलावलेले असते.

शहरातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेत हा प्रसंग रोज घडतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. घरमालकाला वाटत नाही, कारण घरात चपला न घालणे हा आपल्याकडचा संस्कार आहे. कारागिरालाही वाटत नाही, कारण तो स्वतः त्याच संस्कारात वाढलेला असतो. त्याच्या घरीही चपला उंबऱ्याबाहेरच राहतात. प्रश्न संस्काराचा नाहीच. तो पाळताना आपण कोणाचे पाय कशावर उभे करतो आहोत, याचा आहे.

पडवी गेली, उंबरा राहिला

पादत्राणे बाहेर ठेवण्याची रीत ज्या घरांत रुजली ती घरे वेगळी होती. अंगण, ओसरी, पडवी आणि मग माजघर अशी त्यांची रचना असे. बाहेरून आलेल्याला पाय धुवायला पाणी मिळे आणि मगच तो आत येई. सुतार, गवंडी, कल्हईवाला हे बहुतेक कारागीर अंगणात किंवा ओसरीवरच काम करीत. माजघरापर्यंत जाण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येई. त्यामागे सोवळ्याओवळ्याच्या आणि जातीच्या भिंती होत्या, हेही नाकारण्यात अर्थ नाही. वहाणेला कमी लेखणारा समाज वहाण शिवणाऱ्यालाही कमी लेखत होता.

सदनिकेत ना अंगण उरले ना पडवी. दार थेट दिवाणखान्यात उघडते. दुसरीकडे, दुरुस्तीची सारी कामे घराच्या अगदी आतल्या भागात गेली. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, वातानुकूलन यंत्र, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, स्वयंपाकघराच्या भिंतीतली चिमणी, हे सारे आज घराच्या पोटात आहे. त्यामुळे कारागिराला थेट स्वयंपाकघरात, शयनगृहात आणि कधी देवघराजवळही जावे लागते. उंबऱ्याचा नियम मात्र पूर्वीचाच राहिला. पाय धुवायला पाणी देण्याची त्याची दुसरी बाजू तेवढी विस्मरणात गेली.

घरमालकाची बाजूही खोटी नाही. पोळ्या लाटण्यासाठी आजही अनेक घरांत जमिनीवर बैठक मारली जाते, जेवणाची पंगत जमिनीवर बसते, रांगते मूल फरशीवर हात टेकून तोच हात तोंडात घालते. पावसाळ्यात मुंबई-पुण्यातील रस्त्यांवरचे पाणी कोणकोणत्या गटारांतून आलेले असते, हे सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचे बळी घेतले. उंदीर व अन्य जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो पसरतो आणि पायावरची साधी जखमही त्याला शरीरात शिरायला पुरेशी ठरते. अशा पाण्यातून आलेले बूट तसेच स्वयंपाकघरात नकोत, हे म्हणणे रास्तच आहे. ओल्या चिखलाच्या पाऊलखुणांवरून घरातले वृद्ध घसरून पडण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

तेव्हा बाहेरचा तळवा आत नको, इथपर्यंत वाद नाही. मात्र ‘बाहेरचा तळवा नको’ याचा अर्थ ‘उघडा पाय हवा’ असा आपण परस्पर लावून टाकतो आणि घोटाळा तिथेच होतो.

विजेचे साधे गणित

आपल्या घरात येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोरड्या, जाड त्वचेचा विरोध बऱ्यापैकी असतो. पण त्वचा ओली झाली, की शरीराचा विरोध ढोबळमानाने एक हजार ओहमपर्यंत खाली येतो. दाबाला विरोधाने भागले की प्रवाह मिळतो, हे शाळेत शिकलेले सूत्र. २३० ला १,००० ने भागले, की सुमारे २३० मिलिअँपिअर एवढे उत्तर येते. मेन बोर्डावर बसवलेला गळतीरक्षक स्विच (कारागीर त्याला आरसीसीबी किंवा जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात) ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडण्यासाठी बनवलेला असतो, एवढे सांगितले म्हणजे २३० या आकड्याचे गांभीर्य ध्यानात यावे. हृदयाची लय बिघडवायला याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो.

हा प्रवाह हातातून शिरतो आणि जमिनीकडे जाण्यासाठी पायातून बाहेर पडतो. वाटेत छाती आणि हृदय असते. तळव्याखाली कोरड्या रबराचा जाड थर असेल, तर या मार्गात मोठा अडसर उभा राहतो. पाय उघडे आणि फरशी ओली असेल, तर मार्ग मोकळा होतो. जुने वायरमन कामाआधी पायाखाली कोरडा लाकडी पाट किंवा स्टूल घेत, ते याच कारणाने. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या काळात देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मरण पावली आहेत. त्यात शेतातल्या पंपांपासून रस्त्यावरच्या खांबांपर्यंत सारे अपघात येतात, सारेच काही घरातले नव्हेत. तरीही वीज किती सहज जीव घेते याची कल्पना त्यावरून येते.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. बूट हे विजेपासूनचे पहिले संरक्षण नव्हे, ते शेवटचे आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला गेला, तर कितीही जाड रबर पायाखाली असले तरी उपयोग नाही. प्रवाह हातातून हातात जातो. म्हणूनच आधी मेन स्विच बंद करणे आणि मग टेस्टरने खात्री करणे, हा क्रम चुकवून चालत नाही. त्यातही आपल्या शहरांत एक खास सापळा आहे. भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि नंतर ते तसेच राहिले. मेन स्विच बंद केला, की घर ‘मेले’ असे घरमालक समजतो. पण इन्व्हर्टरवर टाकलेले दिवे-पंख्यांचे सर्किट तेव्हाही जिवंत असते. कारागिराला घरात इन्व्हर्टर आहे का आणि त्याच्यावर काय काय आहे, हे दारातच सांगणे बूट बाहेर काढा म्हणण्यापेक्षा कितीतरी अगत्याचे.

बाजारात मिळणाऱ्या बुटांबाबतही थोडे सांगितले पाहिजे. कामाच्या बुटांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५२९८ हे मानक आहे. मात्र आयएसआय चिन्ह असलेला प्रत्येक बूट विजेपासून वाचवतोच असे नाही. ‘अँटिस्टॅटिक’ असे लिहिलेले बूट तर अंगावर साचणारा स्थिर विद्युतभार हळूहळू जमिनीत जाऊ देण्यासाठी बनवलेले असतात. म्हणजे ते थोडी वीज वाहून नेतातच. विजेच्या कामासाठी विद्युतरोधक तळव्याचा बूट वेगळा मागून घ्यावा लागतो. तसेच कोणताही बूट आतून-बाहेरून भिजला किंवा त्याच्या तळव्यात खिळा रुतला, की त्याचा भरवसा संपला.

तीस किलोंचा सिलिंडर, उघडी बोटे

विजेचा धोका निदान सर्वांना ठाऊक तरी आहे. वजनाचा धोका कोणी मोजतच नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर घ्या. आत १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन जवळपास तेवढेच किंवा थोडे अधिक. म्हणजे एकूण सुमारे ३० किलो. हा भार खांद्यावर घेऊन जिना चढून आलेला माणूस दाराशी चपला काढतो, तो सिलिंडर स्वयंपाकघरात नेतो आणि गुळगुळीत फरशीवर उतरवतो. कमरेच्या थोड्या खालून, समजा ६० सेंटिमीटरवरून, सिलिंडर निसटला तर पायाच्या बोटांवर पडणारा आघात सुमारे १७५ ज्यूलचा असतो. कारखान्यातील सुरक्षा बुटांच्या पोलादी टोपीची चाचणी २०० ज्यूलच्या आघाताने घेतली जाते. याचा अर्थ, ज्या आघातासाठी कारखान्यात पोलाद वापरतात, जवळपास तेवढाच आघात स्वयंपाकघरात उघड्या बोटांनी झेलण्याची तयारी आपण गृहीत धरतो.

वातानुकूलन यंत्र, कपडे धुण्याचे यंत्र, कपाटे, ग्रॅनाइटचे ओटे यांचेही तसेच. न्हाणीघरातील जुन्या टाइल्स किंवा कमोड फोडताना उडणाऱ्या चिनीमातीच्या कपच्या काचेहून कमी धारदार नसतात. सुताराच्या कामात खिळे व स्क्रू जमिनीवर सांडतात. गंजलेला खिळा पायात घुसला, तर धनुर्वाताची सुई घ्यायला दवाखाना गाठावा लागतो. हाताच्या जखमेकडे माणूस लक्ष देतो, पायाच्या जखमेकडे देत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज मांडला. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून या रुग्णांना डॉक्टर घरातही अनवाणी चालू नका असे बजावतात. चाळिशी ओलांडलेल्या प्लंबरला हा आजार आहे की नाही, हे त्याला स्वतःलाही कित्येकदा माहीत नसते.

शिवाय रोजच्या कामावर पोट असलेल्या माणसाचा पाय तीन आठवडे जायबंदी झाला, तर त्या तीन आठवड्यांची कमाई बुडते. भरपगारी रजा हा शब्द त्याच्या व्यवहारात नाही.

कायद्याचे छत्र इथवर फारसे पोचत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यातून स्वतःच्या राहत्या घरासाठीचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम वगळलेले होते. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. नळाची गळती थांबवायला आलेला प्लंबर तर बहुधा कोणाचा नोकरच नसतो. कारखान्यात सुरक्षा बूट पुरवणे मालकाचे काम असते. घरात मालक कोण, याचेच उत्तर धड मिळत नाही. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे; पण केवळ चपला काढायला लावल्या म्हणून ते कोणाला लागू होईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणजे या बाबतीत दारातल्या दोघांनाच काय ते ठरवावे लागणार.

मध्यम मार्ग अवघड नाही

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा पेच उलट बाजूने भेटतो. अमेरिकेत किंवा कॅनडात नळदुरुस्तीला आलेला माणूस बूट काढायला सरळ नकार देऊ शकतो. अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या नियमांनुसार पायाला इजा होण्याचा धोका असलेल्या कामात कामगाराच्या पायात संरक्षक पादत्राणे असतील, हे पाहणे कंपनीचे काम आहे. घरमालकाच्या गालिच्यासाठी कंपनी ती जोखीम पत्करत नाही. त्यावर तोडगा म्हणून कामगार खिशातून कापडी आवरणे काढतो आणि बुटांवर चढवतो. गालिचा वाचतो, पायही वाचतो.

ही आवरणे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. ॲपवरून बोलावलेले कारागीर अनेकदा ती घेऊन येतात. मात्र निळ्या, पातळ प्लास्टिकच्या पिशवीसारखी आवरणे ओल्या फरशीवर बर्फासारखी घसरतात आणि शिडीवर तर ती घालूच नयेत. तळाला रबरी ठिपके असलेली न विणलेल्या कापडाची आवरणे त्यापेक्षा बरी. विजेच्या कामात संरक्षण देतो तो आतला बूट. आवरणाचा त्यात काही वाटा नाही.

त्याहून साधा उपाय म्हणजे घरात वापरायचा वेगळा जोड. रोज चार घरे करणाऱ्या कारागिराने पिशवीत धुतलेल्या तळव्याचा, मागून बंद असलेला एक रबरी जोड ठेवला, तर अर्धा प्रश्न सुटतो. दारात तो बदलताना पाहूनच गृहिणीच्या कपाळावरची आठी जाते. जे ठेकेदार हाताखाली माणसे ठेवतात त्यांनी हा खर्च स्वतः करावा. ड्रिल मशिनच्या किमतीपुढे तो नगण्य आहे. घरातल्या सपाता देऊ करणे हा पर्याय आदरातिथ्याला शोभतो, पण मापात नसलेली, टाच मोकळी असलेली चप्पल शिडीवर दगा देते. झिजलेल्या हवाई चपलेचेही तेच. ओल्या न्हाणीघरात गुळगुळीत तळव्याच्या चपलेपेक्षा अनवाणी पायाला पकड चांगली मिळते, असा अनेक प्लंबरांचा अनुभव आहे आणि तो चुकीचा नाही. नळाचा वॉशर बदलायला कोणी पोलादी टोपीचे बूट घालावेत, असे कोणीही म्हणणार नाही. वीज, काच, वजन आणि शिडी यांपैकी काही कामात असेल, तेव्हा मात्र पाय झाकलेला हवा.

घरमालकाच्या बाजूने करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. कारागीर येण्याआधी दारापासून कामाच्या जागेपर्यंत जुनी चादर, गोणपाट किंवा वर्तमानपत्रे अंथरावीत. (आमच्या व्यवसायाला याहून उपयुक्त दुसरा उपयोग क्वचितच सापडेल.) शिडीचे पाय मात्र अंथरलेल्या कापडावर नकोत, उघड्या कोरड्या फरशीवरच हवेत. फरशी ओली असेल तर पुसून घ्यावी. दाराशी जाड, खरखरीत पायपुसणे ठेवावे. पावसाळ्यात पाय आणि तळवे धुवायला तांब्याभर पाणी द्यावे. ही आपलीच जुनी रीत आहे. रांगत्या मुलाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत न्यावे. देवघर किंवा ओट्यालगतची जागा ज्यांना जपायची असेल, त्यांनी ते आधीच, शक्यतो फोनवरच सांगावे. दारात ऐनवेळी दिलेला हुकूम आणि आधी केलेली विनंती यांत फरक असतो आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो.

कारागिरानेही न विचारता बूट घालून आत शिरणे शिष्टाचाराला धरून नाही. ‘काकू, गिझरचं काम आहे, बूट लागतील, तळ पुसून घेतो’ एवढे म्हटले तर फार थोडी घरे नकार देतील. काम संपल्यावर धूळ व कपच्या झाडून काढणे हाही त्या परवानगीचाच भाग आहे.

यात न बोलली जाणारी एक गोष्ट आहे. कित्येक घरांत गृहस्थ स्वतः घरातल्या सपाता घालून उभे असतात आणि समोरचा माणूस अनवाणी असतो. फरशी थंड लागते, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी सांगितले आहे, ही सपातांची कारणे अगदी खरी असतात. पण ती पाय असलेल्या कोणालाही लागू पडतात. बाहेर काढून ठेवलेल्या चपला परत जाताना जागेवर असतील याचीही सर्वत्र खात्री देता येत नाही. अनेक इमारतींत जिन्यातून पादत्राणे नाहीशी होतात आणि त्यांची भरपाई कोणी देत नाही. दाराच्या आत, कोपऱ्यात कागदावर ती ठेवू द्यायला फारशी जागा लागत नाही.

गिझरसारखे काम असेल, तर कारागिराला बूट घालूनच आत घ्यावे, मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून द्यावेत आणि कोणी घरातले माणूस काम होईपर्यंत मेन बोर्डापाशी थांबावे; अनवधानाने कोणी स्विच चालू करू नये म्हणून. धक्का बसलाच, तर त्या माणसाला हाताने ओढायला जाऊ नये. आधी वीज तोडावी, ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फरशी नंतर पुसता येते.